मेडिकलमधून नुसत्या गोळ्या घेऊन येऊ नका, हे पण करा

तुमच्या बाबांचे हार्टचे डॉक्टर आणि गुडघ्याचे डॉक्टर एकमेकांना ओळखत नाहीत. हार्टचे बसतात घोडबंदरला, गुडघेवाले पाचपाखाडीत, डोळ्यांचे चरईत, आणि सर्दीतापाला सोसायटीखालचे आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण चौघांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघणारं कोण? बहुतेक घरांत कोणीच नाही. खरं तर ते काम मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या फार्मासिस्टचं आहे, आणि मी ठाण्याला नौपाड्यात तेच करते, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

पण आमचं हे काम चालतं कधी, तर सगळ्या चिठ्ठ्या एका ठिकाणी आल्या तरच. आजकाल होतं काय की बीपीच्या गोळ्या डिस्काउंट म्हणून ॲपवरून येतात, हॉस्पिटलने लिहून दिलेल्या गोळ्या हॉस्पिटलमधल्याच मेडिकलमधून, मुलगा खारघरला असतो तो येताना तिकडून दोन महिन्यांचा स्टॉक टाकून जातो, आणि आमच्याकडे रात्री साडेनऊला काका येऊन म्हणतात 'ताई, गुडघ्यावर एक पेनकिलर द्या'. आता काकांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे मला कसं कळणार? माझ्याकडूनच घ्या असं नाही म्हणत, कुठूनही घ्या, पण एक दुकान आणि एक फार्मासिस्ट पक्का करा, आणि बाहेरून घेतलेल्या गोळ्यांचीही यादी त्याला दाखवत जा.

आधी बघा काउंटरवर आहे कोण

१९४८ च्या फार्मसी ॲक्टनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. बारावीनंतर दोन वर्षांचा डी. फार्म, चार वर्षांचा बी. फार्म किंवा सहा वर्षांचा फार्म. डी. करून मग राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते. आणि पेशंटला औषध समजावून सांगणं म्हणजे आम्ही तुमच्यावर केलेले उपकार नाहीत बरं का, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समधे ते आमचं काम म्हणूनच लिहिलंय. काही दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस भलतीकडेच, हे तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही. सरळ विचारा, 'फार्मासिस्ट कोण आहेत, त्यांच्याशी बोलायचंय.' तीनदा विचारून तिन्ही वेळा 'आत्ताच बाहेर गेलेत' असं उत्तर आलं तर दुकान बदला, ठाण्यात मेडिकलची काही कमी नाही.

सगळं एका पिशवीत घालून आणा

घरातली यच्चयावत औषधं पिशवीत भरायची आणि दुकानात घेऊन यायचं. दुपारी दोन ते चार या, संध्याकाळी स्टेशनवरून सुटलेली गर्दी असते तेव्हा कोणीच नीट बोलू शकत नाही. सगळी म्हणजे खरंच सगळी. आयड्रॉप, इन्हेलर, चूर्ण, काढा, शेजारच्या काकूंनी 'मला फरक पडला' म्हणून दिलेली कॅल्शियमची बाटली, अर्धवट राहिलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप, टीव्हीवर बघून मागवलेलं सांधेदुखीचं तेल आणि त्याच्याबरोबर फुकट आलेल्या गोळ्या. या शेवटच्या प्रकारावर माझा अजिबात विश्वास नाही.

मग वहीच्या एका पानावर यादी करायची. गोळीचं ब्रँडचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात असतं ते मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी दिली, कधी घ्यायची. 'कशासाठी' हा रकाना रिकामा राहिला की समजायचं इथे काहीतरी विचारायला हवं. पानाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे रात्री-अपरात्री ॲडमिट करायची वेळ आली तर कुणाच्या तरी फोनमधे असेल.

मूळ औषधाचं नाव का लिहायचं ते सांगते. आपल्याकडे एकाच नावाला शेपट्या लावून दुसरं औषध बनतं. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन, पण ग्लायकोमेट जीपी म्हणजे त्यात ग्लिमेपिराइड पण आलं, जे शुगर एकदम खाली आणू शकतं. टेल्मा, टेल्मा एच आणि टेल्मा एएम ही तीन वेगळी औषधं आहेत, एकात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, एकात ॲम्लोडिपिन. इकोस्प्रिन एव्हीमधे कोलेस्टेरॉलचं ॲटोर्व्हास्टॅटिन असतंच, आणि घरात ॲटोर्व्हास्टॅटिनची वेगळी स्ट्रिपही चालू असते, म्हणजे रोज डबल. फोनवर 'टेल्मा पाठवून द्या' एवढंच सांगून ठेवून देणारे कितीतरी लोक आहेत. पूर्ण नाव सांगा, नाहीतर जुन्या स्ट्रिपचा फोटो पाठवा.

या पिशवीत आम्ही मुख्यतः दोन गोष्टी शोधतो. एक, तेच औषध दोन नावांनी जातंय का. दुसरं, एकमेकांशी न पटणारी औषधं. उदाहरणार्थ बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, त्यात लघवीची गोळी, आणि वर गुडघ्यासाठी रोजची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. तिन्ही एकत्र आली की किडनीवर ताण येतो, वय झालेल्यांत तर जास्तच. किंवा हार्टच्या व्हाल्व्हचं ऑपरेशन झालेल्या माणसाची रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम आणि त्याच्यावर पेनकिलर, म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती. असं काही दिसलं तर आम्ही स्वतः गोळी बंद करत नाही, डोसही बदलत नाही, तो आमचा अधिकारच नाही. आम्ही डॉक्टरांना फोन करतो किंवा तुमच्याकडे लेखी प्रश्न देतो की हा पुढच्या व्हिजिटला विचारा.

चिठ्ठी हातात आहे तोवर, काउंटर सोडायच्या आधी

डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हा नियम २०१६ मधेच आला, तरीपण काही चिठ्ठ्या अशा असतात की आम्ही तिघंजण मिळून वाचतो. अशा वेळी फार्मासिस्ट डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करत असेल तर कृपया चिडू नका, पाच मिनिटं थांबा. अंदाजाने औषध देणाऱ्यापेक्षा फोन लावणारा बरा.

तुम्ही आपणहून सांगायचं: कशाची ॲलर्जी आहे, प्रेग्नन्सी किंवा बाळ अंगावर पितंय का, किडनी-लिव्हरचं काही आहे का, दारू घेता का (लाजू नका, आम्ही रोज ऐकतो). आणि विचारायचं: ही कशासाठी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, एखादा डोस चुकला तर काय, आणि काय झालं तर लगेच डॉक्टरांकडे पळायचं. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. एसओएस म्हणजे लागली तरच. मग स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी स्वतः जुळवून बघा, दुकानदाराला राग येत नाही, आला तर येऊ दे.

एका गोळीबद्दल वेगळं सांगते. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नाही. ती चुकून रोज घेतली गेली की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जाऊ शकतो. मी स्ट्रिपवर मार्करने वार लिहून देते, 'फक्त रविवार', आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगते. तुमचा फार्मासिस्ट लिहून देत नसेल तर मागून लिहून घ्या.

'हेच कंटेंट, दुसरी कंपनी, देऊ का?' हा प्रश्न तुम्ही ऐकलाच असेल. नियम असा आहे की शेड्यूल एचमधल्या, म्हणजे फक्त चिठ्ठीवर द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीतल्या, औषधासाठी चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याच्या जागी दुसरं आम्ही आपल्या मनाने देऊ शकत नाही, कंटेंट तेच असलं तरी. खर्च कमी करायचा असेल तर डॉक्टरांना मूळ नावाने लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात जा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त नव्या नावाची स्ट्रिप घरी आली की जुनी लगेच बाजूला काढा, नाहीतर दोन्ही चालू राहतात.

वेळ सांभाळणं, आणि इथेच आपला चहा आडवा येतो

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. आपल्याकडे डोळे उघडले की चहा, त्यामुळे 'घेते ना मी रोज' म्हणणाऱ्या काकूंचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, काही केल्या जागेवर येत नाही आणि डोस मात्र वाढत जातो. कॅल्शियम आणि लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. हाडांसाठी आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट असेल तर सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं पडलं तर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असं काही आहे (म्हणजे औषध पोटात हळूहळू सोडणारी) ती कुटून, चावून द्यायची नाही, आजींना गिळता येत नसेल तर आम्हाला सांगा, कधी कधी त्याचं सिरप किंवा दुसरा पर्याय असतो, डॉक्टरांना विचारून बदलता येतो.

आता उपास. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. उपास करू नका असं मी कुणाला सांगत नाही, कोणी ऐकतही नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपासाच्या दोन-चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीचा डोस ठरवून घ्यायचा. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा, दिवसभर पोटात काही नाही आणि सकाळची गोळी मात्र नेहमीसारखी, मग संध्याकाळी घाम, थरथर, बडबड बदलते. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी शुगर परत मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, हॉस्पिटल गाठा. आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली म्हणजे उपास आणि पथ्य दोन्ही झालं असं नाही, तिने शुगर वाढतेच.

इन्सुलिन असेल तर हे दोनदा वाचा

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिली असतात आणि काही १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या, साधारणपणे ४० वाल्याला लाल टोपी आणि १०० वाल्याला केशरी. जोडी जुळलीच पाहिजे. २० युनिट घ्यायचेत, बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची, तर २० च्या खुणेपर्यंत भरलं की आत जातात ५० युनिट. उलटं केलं तर २० ऐवजी फक्त ८. म्हणून नुसती 'इन्सुलिनची सुई द्या' असं मागू नका, बाटली किंवा तिचा फोटो दाखवा, आणि कामवाल्या मावशींना किंवा नातवाला आणायला पाठवलं तर चिठ्ठीत आकडा लिहा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमधे २ ते ८ अंशात, फ्रीझरच्या जवळ नाही, एकदा गोठलं की ते फेकायचं. वापरात असलेलं गार जागी बाहेर चालतं, बहुतेक प्रकार साधारण चार आठवडे, पण आपलं नक्की किती ते पाकिटावर बघा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. वाशीहून ठाण्याला यायला मे महिन्याच्या दुपारी बाईकच्या डिकीत इन्सुलिन घालून आणायचं नाही, थर्मासचा डबा नाहीतर बर्फाचं पाकीट कापडात गुंडाळून.

लहान मुलांचं सिरप

पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमधे १२० मिलिग्रॅमवालं पण मिळतं आणि २५० वालं पण, आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स तर १ मिलीत १०० वाले. म्हणजे 'मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं' याला बाटली बदलली की काही अर्थ नाही. डोस वजनावर असतो, त्यामुळे बाळाचं आत्ताचं वजन सांगा आणि मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा, घरातला चमचा नको. अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली असेल तर उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत, हलवून परत खुणेपर्यंत. जमत नसेल तर दुकानातच करून घ्या. किती दिवस टिकतं ते लेबलवर लिहिलेलं असतं, त्यानंतर टाकून द्यायचं, पुढच्या सर्दीला ठेवायचं नाही.

२०२५ मधे मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या भेसळ झालेल्या सिरपने लहान मुलं दगावली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यानंतर केंद्राने परत एकदा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधं लिहू-देऊ नयेत आणि पाचच्या खाली शक्यतो नकोच. तेव्हा दीड वर्षाच्या बाळासाठी मी काउंटरवरून खोकल्याचं सिरप दिलं नाही तर माझ्याशी भांडू नका. आणि त्या वेळी कोणती बाटली घातक हे बॅच नंबरवरून ठरत होतं, म्हणून बिल घ्या. बिलावर बॅच नंबर असतो. बिल नसेल तर परत मागवलेल्या बॅचमधलीच बाटली आपल्या घरी आहे का हे बाटली फेकल्यावर कळायला मार्ग नाही.

पावसाळ्यातला ताप

जून ते ऑक्टोबर आमच्याकडे 'तापाची स्ट्राँग गोळी द्या' हे सुरूच असतं. डेंग्यूची शक्यता असते तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन आपल्या मनाने नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हार्टसाठी रोजची इकोस्प्रिन चालू असेल तर ती स्वतः बंदही करू नका, डॉक्टरांना फोन करा. पॅरासिटामॉलसुद्धा मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या ही टोकाची मर्यादा, वय जास्त असेल, वजन कमी असेल, दारू-लिव्हरचं काही असेल तर त्याहून बरीच कमी. आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, हे मोजायचं राहून जातं.

वंदना टॉकीजच्या भागात गुडघाभर पाण्यातून चालत आलात आणि पायाला जखम आहे, तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) लवकर डॉक्टरांना दाखवा. ते डॉक्सिसायक्लिन देतील तर जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच झोपायचं नाही.

अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागितलं की मी नाही म्हणते. स्ट्रिपवर लाल रेघ असते ती त्याचसाठी. सेफिक्झिमसारखी बरीच औषधं शेड्यूल एच वन या त्याहून कडक यादीत आहेत, २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. झोपेच्या अल्प्राझोलामचंही तेच.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी

सगळ्यात जास्त गोंधळ या दिवशी होतो. दहा दिवसांची धावपळ झालेली, मेडिक्लेमचे कागद, ॲम्ब्युलन्स, आणि हातात नव्या गोळ्यांची पिशवी. घरी जुन्या गोळ्यांचा डबा तसाच असतो. घरी टेल्मिसार्टन एका नावाने चालू होती, हॉस्पिटलने तीच दुसऱ्या नावाने दिली, बाबा इमानदारीत दोन्ही घेतात, बीपी खाली जातं आणि बाथरूममधे पडतात.

तर त्या संध्याकाळी, घरी पोचल्यावर लगेच, डिस्चार्ज पेपर आणि आपलं वहीतलं पान शेजारी ठेवायचं. प्रत्येक जुन्या गोळीपुढे तीनपैकी एक शब्द आलाच पाहिजे: चालू, बंद, बदलली. डिस्चार्ज पेपरवर जुन्या गोळीचा उल्लेखच नाही याचा अर्थ ती बंद असा होत नाही आणि चालू असाही होत नाही, वॉर्डला फोन करून विचारायचं. इन्सुलिन तिथे चालू केलं असेल तर घरी पण चालू ठेवायचं का, ॲसिडिटीची गोळी किती दिवस, रक्त पातळ करायचं इंजेक्शन कधीपर्यंत, हे तीन प्रश्न जवळजवळ नेहमीच राहून जातात. बंद झालेल्या गोळ्या डब्यातून काढून टाका. यात अडलात तर दोन्ही कागद घेऊन फार्मासिस्टकडे जा, मी तर म्हणेन अडला नाहीत तरी जा.

बारीकसारीक

एक्स्पायरी ०८/२०२६ असेल तर ऑगस्टच्या शेवटापर्यंत चालते. अर्धी स्ट्रिप कापून घेताना नाव-तारीख असलेली बाजू तुमच्याकडे ठेवायला सांगा, किंवा त्या बाजूचा फोटो घ्या. औषधं बाथरूममधे किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत तर मुळीच नको. सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी) आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्यात काढून ठेवू नका, मूळ पॅकिंगमधेच राहू दे, घरात सगळ्यांना माहिती असलेल्या जागी. स्टेरॉइडवाला इन्हेलर घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, आणि इन्हेलर कसा ओढता ते एकदा फार्मासिस्टसमोर करून दाखवा, वर्षानुवर्षं चुकीचं ओढणारे लोक आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडांच्या पॅकिंगवर क्यूआर कोड बंधनकारक झालाय, स्कॅन करून बॅच आणि तारीख जुळवून बघता येते.

गोळीने त्रास झाला तर

रॅमिप्रिल किंवा एनॅलाप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो, ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. लोक काय करतात, खोकल्याला सिरप आणि सुजेला लघवीची गोळी चालू करतात, म्हणजे एका औषधाच्या त्रासाला दुसरं औषध. नवीन काही त्रास सुरू झाला की आधी बघा, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली गोळी नवीन आली किंवा वाढली, आणि तेच डॉक्टरांना आधी सांगा. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. अंगावर पित्तासारख्या गांधी, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं असं झालं तर थांबायचं नाही, थेट इमर्जन्सी.

बाकी त्रासांची नोंद देशपातळीवर पण होते, २०१० पासून त्यासाठी सरकारचा औषधसुरक्षेचा कार्यक्रम चालू आहे, आणि १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर डॉक्टरच नाही, पेशंटही स्वतः कळवू शकतो. तिकडे विचारतात औषधाचं नाव, मिलिग्रॅम, बॅच, कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत आणखी कोणती औषधं चालू होती. वहीतलं पान आणि ती स्ट्रिप समोर ठेवून फोन लावा, किंवा दुकानात घेऊन या, आपण मिळून फॉर्म भरू.